कान शोधणारे बहिरे

जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवणारी एक जमात आहे. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, टोकियोत तिचे अड्डे आहेत आणि आपल्या मुंबईतही तिची चार टाळकी आहेत. या जमातीशी मला भांडायचंय. भांडण नुसतं संगीताचं नाही, मालकीचं आहे. काळ्या माणसानं फुप्फुसं फाटेस्तोवर जे फुंकलं ते आज कोणाच्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, आणि ते ऐकायची लायकी कोणाची हे ठरवायचा ठेका यांना दिला कोणी, हा सवाल आहे. ज्यांना गुळगुळीत वाचायची सवय आहे त्यांनी इथंच पान उलटावं.

आधी यांची परीक्षा कशी असते ते बघा. 'ब्लू नोट' कंपनीची १९५०-६० च्या काळातली एलपी हातात आली की ही मंडळी ती लावत नाहीत. उजेडात तिरकी धरतात. शेवटचा चर संपतो आणि लेबल सुरू होतं त्यामधल्या काळ्या पट्टीवर एक बारीक खूण शोधतात. प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्याची ती खूण. इंग्रजी पी अक्षर असं काही लफ्फेदार काढलंय की ते माणसाच्या कानासारखं दिसतं. यांच्या बोलीत त्याला 'कान'च म्हणतात. कान असला की माल अस्सल. १९६६ मध्ये कंपनी विकली गेली, कारखाना बदलला, कान गेला. वादक तेच, श्वास तोच, घाम तोच. पण कान नाही, म्हणून भाव पडला!

हँक मोब्ली या सॅक्सोफोनवाल्याची १५६८ नंबरची ब्लू नोट घ्या. २३ जून १९५७ ला मुद्रित झालेली. तिच्या एका बाजूच्या लेबलावर पत्त्यात 'न्यूयॉर्क २३' छापलंय आणि दुसऱ्या बाजूला 'एनवायसी'. छापखान्याची ही सरमिसळ असलेली प्रत पहिली, म्हणून तिला ईबेवर दहा हजार डॉलरच्या वर भाव आलेला आहे. आता त्या तबकडीतली माणसं बघा. पियानोवरचा सॉनी क्लार्क १९६३ मध्ये गेला, वय ३१. बासवरचा पॉल चेंबर्स १९६९ मध्ये टीबीनं गेला, वय ३३. खुद्द मोब्लीची अखेरची वर्षं आजारात आणि हलाखीत गेली, १९८६ मध्ये तोही संपला. त्या दहा हजारांतला एक छदामही यांच्यापैकी कुणाच्या पोराबाळांना जात नाही. लेबलावरचे '२३' ज्यांना पाठ आहेत त्यांना पॉल चेंबर्सचे ३३ आठवत नाहीत. कान शोधणारे बहिरे म्हणतो ते यांना.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, यांनीच तर हे संगीत वाचवलं. कबूल. हा मुद्दा मी टाळणार नाही. कंपन्यांना या संगीताची काडीची किंमत नव्हती. जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ मध्ये व्हिक्टर कंपनीनं काढली ती गोऱ्या पाच जणांची. काळ्यांना दार उघडलं १९२० मध्ये, मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची ओके कंपनीची रेकॉर्ड तडाखेबंद खपल्यावर. काळ्यांच्या खिशातही पैसा असतो हे कंपन्यांना तेव्हा उमगलं. मग निघाल्या 'रेस रेकॉर्ड्स'. काळ्यांसाठी वेगळे नंबर, वेगळे कॅटलॉग, वेगळी जाहिरात. तबकड्यांचासुद्धा महारवाडा केला! पॅरामाउंट ही मुळात खुर्च्या-टेबलं बनवणारी कंपनी. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या खपाव्यात म्हणून तिनं काळ्यांचं गाणं छापलं. गेनेट कंपनीनं एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड मुद्रित केला. त्यात बावीशीही न गाठलेला लुई आर्मस्ट्राँग होता. आणि त्याच दशकात हीच कंपनी कू क्लक्स क्लॅनवाल्यांच्या ऑर्डरीवर त्यांच्याही रेकॉर्डी छापून देत होती. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, पैशाला कुठं रंग असतो!

बेसी स्मिथच्या रेकॉर्डी कोलंबियानं लाखांनी विकल्या, पण तिला रॉयल्टी नव्हती. गाण्यामागं ठरलेले पैसे घ्यायचे आणि चालू लागायचं. १९३७ मध्ये ती गेली आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर दगड नव्हता. तिच्या रेकॉर्डी कंपनीनं नव्यानं बाजारात आणल्या त्याच वर्षी कुठं तो दगड बसला, तोही कंपनीच्या खिशातून नाही. किंग ऑलिव्हर १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावात मेला. मरताना तो एका बिलियर्डच्या अड्ड्यावर झाडलोट करत होता. ज्याच्या पोटी आर्मस्ट्राँग घडला त्याच्या हातात शेवटी केरसुणी. आपल्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अजून एक हिशेब सांगतो, जो कुठल्याच संग्राहकाच्या वहीत नसतो. ७८ च्या तबकडीत दगडाची भुकटी असते, काजळी असते, आणि हे सगळं धरून ठेवायला लाख असते. लाख यायची कुठून? मुख्यत: आपल्याकडून. छोटा नागपूरच्या रानातून. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात आणि आदिवासी ती खरवडून आणतात. मग भट्टीवर कापडी पिशवीतून ती वितळवायची आणि गरम लाखेचा पापुद्रा कारागिरानं हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून ताणायचा. दातांनी! शिकागोत ऑलिव्हर कॉर्नेटवर दात रोवत होता आणि इकडं आपला माणूस लाखेवर. दोघांच्या दातांमधून एक तबकडी निघाली. तिच्या लेबलावर कंपनीचं नाव. आज त्या लाखेचे लाख झाले, ते मोजतोय तिसराच.

१९४२ मध्ये युद्धामुळं अमेरिकेत लाखेचा तुटवडा पडला. सरकारनं रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कापाकापी केली आणि कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन दळू लागल्या. नवी हवी तर जुनी आणून द्या. त्यात काळ्यांचं किती संगीत दळलं गेलं याची मोजदाद नाही. अशा काळात भंगारातून, जुन्या बाजारातून तबकड्या उचलून आणणारे गोरे पोरगे होते, हे खरंय. ते नसते तर पुष्कळ काही कायमचं गेलं असतं, हेही खरंय.

पण वाचवलं म्हणजे मालक झाला का? हे पोरगे दक्षिणेत काळ्यांच्या वस्त्यांतून दारोदार फिरायचे. म्हातारीला विचारायचे, माळ्यावर जुन्या रेकॉर्डी आहेत का? काही सेंट हातावर ठेवायचे आणि गठ्ठा उचलायचे. म्हातारीला कुणी सांगितलं नाही की बाई, तुझ्या माळ्यावरचा हा इतिहास आहे. २०१३ मध्ये टॉमी जॉन्सन या ब्लूज गाणाऱ्याची पॅरामाउंटची एक तबकडी ३७ हजार डॉलरला गेली. जॉन्सन १९५६ मध्येच मेला होता. भाव चढतो तो प्रत दुर्मिळ आहे म्हणून. आणि प्रत दुर्मिळ का? तर ते संगीत कचऱ्यात टाकलं गेलं म्हणून. म्हणजे आधी समाजानं कचरा ठरवायचा आणि मग त्या कचरा ठरवण्याचंच भांडवल करायचं. अपमानावर व्याज खाणं म्हणतात याला.

पुढचा विनोद ऐका. बंक जॉन्सन नावाचा न्यू ऑर्लिन्सचा एक म्हातारा ट्रम्पेटवाला, तोंडातले दात गेलेले, लुइझियानात मोलमजुरी करत होता. १९३९ च्या सुमाराला या मंडळींना त्याचा शोध लागला. त्यांनी वर्गणी काढली, कवळी बसवली, ट्रम्पेट दिला आणि १९४२ मध्ये त्याला रेकॉर्ड केलं. चांगलं केलं. पण मग फर्मान निघालं की तू फक्त जुनं वाजव, शुद्ध वाजव. बंकला तर त्या काळातली चालू गाणीही वाजवायची होती! त्याला आजचा माणूस व्हायचं होतं, यांना तो मडक्यात घातलेला लोणच्यासारखा हवा होता. त्याच दशकात चार्ली पार्करनं नवा जॅझ उभा केला तेव्हा हेच लोक बोंबलले, हा जॅझच नव्हे! त्यांच्याच देशात त्यांना 'बुरसटलेली अंजिरं' असं नाव पडलं. माणसाला भूतकाळात गाडून त्याच्या समाधीला हार घालणाऱ्यांना आपण ओळखतो, दोस्तांनो. आपल्याकडं ते ओवीला हार घालतात आणि ओवी गाणारीला ओसरीवर बसवत नाहीत.

या शुद्धतेच्या वेडाला दुसरंही एक टोक आहे. डीन बेनेडेटी हा पार्करचा निस्सीम भक्त. १९४७-४८ मध्ये तो यंत्र घेऊन क्लबाक्लबात हिंडला आणि पार्करचं वाजवणं टिपलं. फक्त पार्करचं. पार्कर थांबला की यंत्र बंद. बाकीचे वादक गेले उडत! १९९० मध्ये ते सगळं सात सीडींत बाहेर आलं, आणि ते अनमोल आहे याबद्दल वाद नाही. पण जॅझ म्हणजे पाच माणसांचं बोलणं. त्यातलं चार जणांचं तोंड दाबून एकाला देव करायचं, ही भक्तीची रीत आपल्या मातीत कमी झाली का, म्हणून बाहेरून आणायची?

मग सगळे संग्राहक नालायक का? नाही. भांडायचं तर नीट भांडावं. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गेब्लर या माणसाचं बापाच्या धंद्यातलं कमोडोर नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. कंपन्यांनी टाकून दिलेल्या रेकॉर्डी त्यानं पुन्हा छापून घेतल्या आणि लेबलावर एकूणएक वादकांची नावं घातली. ड्रमवाला कोण, क्लॅरिनेट कोणाचं. जो आजवर नुसता 'ऑर्केस्ट्रा' होता तो माणूस झाला. पॅरिसच्या शार्ल दलोनेनं १९३६ मध्ये अशा नावांची अख्खी सूची पुस्तकात बांधली. आणि काळ्यांना झाडाला फाशी देणाऱ्या झुंडींवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' बिली हॉलिडेला रेकॉर्ड करायचं होतं आणि कोलंबियाची हिंमत झाली नाही, तेव्हा १९३९ मध्ये ते छापलं या गेब्लरनं. दुकानदारानं! संग्राहक कसा असावा तर असा. त्यानं नाव दिलं आणि वेळ आली तेव्हा बाजू घेतली.

सोव्हिएत रशियात जॅझवर वक्रदृष्टी होती तेव्हा तिथल्या पोरांनी दवाखान्यातल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मांवर गाणी कोरली. कुणाच्या तरी बरगड्यांवर जॅझ! चार-दोन वेळा वाजवली की संपायची. पहिली आवृत्ती नाही, कान नाही, भाव नाही. त्यापायी माणसं तुरुंगात गेली. नाझी जर्मनीत हॅम्बुर्गची पोरं स्विंगच्या रेकॉर्डी अदलाबदल करत, त्यांतली काही छळछावणीत डांबली गेली. या पोरांसाठी रेकॉर्ड ही एकमेकांच्या हातावर ठेवायची गोष्ट होती.

आणि त्याच जर्मनीचा हा दुसरा नमुना. १९४२ च्या पॅरिसमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. जर्मन हवाई दलाच्या गणवेशातला एक अधिकारी, शेजारी जिप्सी गिटारवाला जँगो राइनहार्ट आणि काळे वादक. हा अधिकारी, डिट्रिच शुल्त्स-क्योन, जॅझचा गाढा अभ्यासक, रेकॉर्डींचा संग्राहक आणि नाझी पक्षाचा सदस्य. ज्या राजवटीनं जिप्सींना गॅसमध्ये घातलं तिचा गणवेश अंगावर आणि जिप्सीची रेकॉर्ड काखेत. तबकडीवरचं प्रेम म्हणजे माणसावरचं प्रेम नव्हे, याला यापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू?

आता मुंबईला या. १९३५ मध्ये लिऑन ॲबेचा काळ्यांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. नंतर क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. आत गोरे साहेब, संस्थानिक, शेठ नाचत होते. वेदरफोर्ड हा शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवाला. तो १९४५ मध्ये कलकत्त्यात मेला. कशानं? कॉलऱ्यानं. वाजवायचा साहेबांसाठी, मेला आपल्यासारखा. यांच्याकडून आमच्या गोव्याच्या पोरांनी विद्या उचलली. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगचा भक्त. 'अलबेला' (१९५१) च्या ज्या गाण्यांवर तुमचे आईबाप नाचले त्यांत सी. रामचंद्रांच्या मागं हा ट्रम्पेट घेऊन उभा होता. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस... हिंदी सिनेमाचं संगीत यांनी कागदावर उतरवलं. पण त्या ७८ च्या लेबलावर नाव कोणाचं? सिनेमाचं, गायकाचं, संगीतकाराचं. गेब्लरनं तिकडं १९३० च्या दशकात जे केलं ते इथं कुणाला सुचलं नाही. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ च्या सुमाराला आलं तोवर ही माणसं बहुतेकांना ठाऊकही नव्हती.

मी मटन स्ट्रीटला चोर बाजारात रेकॉर्डींचे ढीग उपसलेत, म्हणून दक्षिण मुंबईतल्या अशा एका बैठकीला एकदा मला बोलावणं आलं. घराचं, यजमानाचं नाव सांगायचं कारण नाही. ही घरं सगळी सारखी असतात. मी एक एलपी उचलली तर यजमान ओरडले, कडेनं धरा, हात लावू नका! बरोबर आहे, बोटाचं तेल लागतं, चरात धूळ बसते. मला कळतं ते. पण 'हात लावू नका' हे तीन शब्द कोणत्या पट्टीत म्हटले जातात याचा माझा कान तयार आहे. तो माझ्या बापानं आणि आज्यानं तयार केलाय. त्या पोलादी कानाला प्लास्टिलाइटची खूण लागत नाही.

मग कोल्ट्रेनची 'लाइव्ह ॲट बर्डलँड' लागली. त्यात 'अलाबामा' आहे. १५ सप्टेंबर १९६३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब उडवला, चार पोरी मेल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेननं हे वाजवलं. सॅक्सोफोन रडत नाही त्यात, तो साक्ष देतो. संपलं, आणि चर्चा काय? लेबल नारिंगी-काळं आहे म्हणजे पहिली आवृत्ती आहे की नाही! मी म्हटलं, त्या चार पोरींविषयी बोलू या का? यजमान हसून म्हणाले, राजकारण बाहेर ठेवू या, आपण संगीत ऐकायला जमलोय. वा रे वा! बॉम्ब चर्चच्या आत आणि राजकारण बाहेर!

आता आपल्याच काही मित्रांशी बोलतो. ते म्हणतात, जॅझ हे दारूच्या ग्लासाबरोबर चघळायचं बड्यांचं संगीत, आपल्याला काय घेणं? मित्रा, बड्यांनी चोरलं म्हणून ते बड्यांचं होत नाही. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर उभा राहिला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. आपण त्यांचं नाव उचललं, मग आवाज का नाही उचलायचा? १९२१ मध्ये हॅरी पेस या काळ्या माणसानं न्यूयॉर्कात ब्लॅक स्वान ही रेकॉर्ड कंपनी काढली. आमचं गाणं, आमची कंपनी, आमचा नफा. तिच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस होते. तेच दु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ब्लॅक स्वान १९२४ मध्ये पॅरामाउंटच्या, म्हणजे त्या खुर्चीवाल्यांच्या, हातात गेली. हा पराभव आपल्या अभ्यासाचा आहे. आपलं माध्यम आपल्या हातात का टिकत नाही, हा सवाल हार्लेममध्ये पडला तसा परळ-वरळीतही पडतो.

म्हणून माझं म्हणणं थेट आहे. एक : हे संगीत ऐका. कान नसलेल्या, ओरखडे पडलेल्या, फोनवरच्या फुकट प्रतींतून ऐका. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानं १९२३ च्या रेकॉर्डी १ जानेवारी २०२४ पासून तिथं सगळ्यांच्या झाल्यात. ऑलिव्हरच्या त्या गेनेट तबकड्या आता कोणाच्या बापाच्या नाहीत. जुन्या ७८ च्या प्रती लोकांसाठी खुल्या करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हला २०२३ मध्ये बड्या कंपन्यांनी कोर्टात खेचलं, तेव्हा कंपन्यांचा जीव अजून कशात अडकलाय तेही ओळखून असा. दोन : ज्याच्या कपाटात दुर्मिळ तबकडी आहे त्यानं ती यंत्रावर उतरवून लोकांना द्यावी. तबकडी ठेव बाबा तुझी तुला, आवाज सोड. बिल सॅव्हरीनं १९३० च्या दशकात रेडिओवरून टिपलेलं लेस्टर यंग, कोलमन हॉकिन्स यांचं वाजवणं २०१० मध्ये हार्लेमच्या म्युझियमकडं गेलं. सत्तर वर्षं ते खोक्यात पडून होतं आणि काही तबकड्या खोक्यातच खराब झाल्या. कुलपात संगीत टिकत नाही, कुजतं.

आणि तीन : हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरातलं कपाट उघडा. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी गेले, विठ्ठल उमप २०१० मध्ये गेले. चौदा एप्रिलला गल्लीगल्लीत वाजलेल्या भीमगीतांच्या, कव्वालीच्या कॅसेटी आज कुठं आहेत? रद्दीत, माळ्यावर, उंदरांच्या तोंडी. जी असेल ती काढा आणि आतला कागद वाचा. ढोलकी कोणाची? कोरसमधली बाई कोण? हार्मोनियमवर कोण बसलं होतं? कोणत्या साली, कोणत्या स्टुडिओत? लिहिलेलं नसेल तर गाणाऱ्याच्या घरी जा आणि विचारा. दलोनेनं पॅरिसात बसून काळ्यांसाठी जी सूची केली ती आपल्यासाठी कुणी गोरा येऊन करणार नाही. आणि आला तर आपल्या म्हातारीच्या माळ्यावरून गठ्ठा उचलून चार पैसे ठेवून जाईल.

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक कॅसेट. गाणं, गाणारा, वाजवणारे, साल, गाव. प्रत फोनवर उतरवा आणि दहा जणांना द्या. वही आजच घ्या, कारण ढोलकीवाला म्हातारा झालाय आणि कोरसमधल्या बाईचं नाव फक्त त्यालाच माहीत आहे.